ओझरचे मिग आणि बावीस वर्षांचा विलंब

मालेगावहून आग्रा रस्त्याने नाशिककडे निघालो म्हणजे चांदवड आणि पिंपळगाव बसवंत मागे टाकून आपण ओझरला पोहोचतो. तेथील विमानांचा कारखाना १९६४ सालचा. सोव्हिएत संघाच्या परवान्याने मिग-२१ हे लढाऊ विमान येथे बांधले जाऊ लागले. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांच्या चुली या विमानाने पेटत्या ठेवल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगड येथे वायुदलाने त्याला निरोप दिला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याच्या पराक्रमाबरोबरच 'उडती शवपेटी' हे त्याचे दुसरे नावही छापले. हे नाव विमानाने कमावले की आपण त्याच्या कपाळी लिहिले, याचा शोध घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

पराक्रमाविषयी दुमत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर निवासावर याच विमानांनी हल्ला चढवला आणि दोनच दिवसांत पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. परंतु मिग-२१ घडले होते ते वेगाने वर झेपावून शत्रूचे विमान गाठण्यासाठी. त्याचे पंख त्रिकोणी, आखूड व पातळ. असे पंख अतिवेगात उत्तम काम देतात. वेग कमी झाला की मात्र विमानाला तोलून धरणे त्यांना जड जाते. म्हणून उतरताना वैमानिकाला विमानाचे नाक बरेच वर उचलून धरावे लागते, आणि नाक वर गेले की समोरची धावपट्टी नीट दिसत नाही. चाके जमिनीला टेकतात ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने, आणि मग शेपटीकडील हवाई छत्री उघडून धाव आवरावी लागते. इंजिन एकच, ऐन वेळी तेच बंद पडले तर विचार करायला सवड कोठली? अनुभवी माणसाने हे सारे साधले, वर्षानुवर्षे साधले. प्रश्न होता तो शिकाऊ मुलांचा.

ही मुले 'किरण' या साध्या, मंद गतीच्या प्रशिक्षण विमानावर शिकून येत आणि मधली पायरी नसताना थेट मिगवर बसत. बैलगाडी हाकणाऱ्याला एकदम डाकगाडीच्या इंजिनावर उभे करावे, तसाच हा प्रकार! एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ साली हे ओळखून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस केली. ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. मधली बावीस वर्षे चर्चेत आणि किमतीच्या वाटाघाटींत गेली. सरकारे आली आणि गेली. पहिली हॉक विमाने बिदरच्या तळावर वायुदलात दाखल झाली तेव्हा २००८ साल उजाडले होते.

या काळात अपघात होत राहिले. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक प्राणांस मुकले. विमाने संख्येने अधिक, उड्डाणेही अधिक, तेव्हा अपघातांचा आकडा फुगणारच, हा वायुदलाचा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. तरीही १७१ घरे ती १७१ घरेच.

त्यांतील एक घर पुण्याचे. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडहून निघाले आणि जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात त्यांचे मिग-२१ कोसळले. उतरण्याइतकीच उड्डाणाची घटकाही कठीण, कारण दोन्ही वेळी वेग कमी व जमीन जवळ. मुलावर दोष ठेवला जातो हे त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांना मान्य झाले नाही. त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले आणि सत्तेचा रोषही सोसला. 'वैमानिकाची चूक' हे शब्द अहवालात लिहिणे सोपे असते. पण ज्याला पुरेसे शिकविलेच नाही त्याच्या चुकीत शिकविणाऱ्यांचा वाटा किती, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? पुढे या मातापित्यांनी मुलाच्या नावाने पुण्यात 'जीत' ही वैमानिकांच्या प्रशिक्षणाची संस्था काढली. दुःखातून काय काढावे हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

तारुण्यात काही काळ बंगळूरच्या सेमिनरीत शिकलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा संरक्षणमंत्री होते. मिग असुरक्षित नाही हे दाखविण्यासाठी ऑगस्ट २००३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अंबाल्याहून ते स्वतः मिग-२१ मधून उडाले. धाडस वाखाणण्याजोगे खरे. पण त्यांचे विमान चालवीत होता तो मुरलेला वैमानिक, आणि वाद तर न मुरलेल्यांविषयी होता. पुढल्याच महिन्यात मंत्रिमंडळाने हॉकच्या खरेदीला संमती दिली.

ओझरच्या कारखान्याने मिगनंतर सुखोई-३० बांधली. जून २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि जून २०२४ मध्ये शिरसगावला, दोन्ही वेळा निफाड तालुक्यातच, सुखोई विमाने शेतांत कोसळली. चारही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या त्याच धावपट्टीवरून तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले.