लाल रेघेचं कूळ

घरातल्या औषधांच्या डब्यातून अँटिबायोटिकची एखादी स्ट्रिप काढा आणि उलटी करून पाहा. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ गेलेली दिसेल. नियमाप्रमाणे तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि ती लेबलाच्या पूर्ण उंचीभर जावी लागते. शेजारी लाल चौकटीत बारीक अक्षरं असतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध किरकोळीत विकायचं नाही, असा त्यांचा अर्थ. आपल्याकडे दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो, तेव्हा मुदतीची तारीख बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. रेघ उभी असल्यामुळे ती मात्र आपल्या तुकड्यावरही येते.

या रेघेचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण औषधापाशी पोचत नाही. पोचतो ते सोमलापाशी.

सोमल म्हणजे पांढरं आर्सेनिक. पिठात किंवा साखरेत मिसळलं तर ओळखू येत नाही, चवीलाही कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये ते उंदीर मारायला म्हणून कोणालाही, कुठल्याही दुकानात मिळत असे. घराघरांतून विषप्रयोगाच्या बातम्या येऊ लागल्या आणि १८५१ साली तिथल्या पार्लमेंटने सोमलाच्या विक्रीचा कायदा केला. त्यातल्या दोन गोष्टी आजच्या लाल रेघेचे थेट पूर्वज आहेत.

पहिली म्हणजे वही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला ओळखलं पाहिजे. ओळखत नसेल तर दोघांच्याही माहितीतला साक्षीदार हवा. मग वहीत तारीख, नाव, पत्ता, व्यवसाय, किती सोमल दिला आणि कशासाठी, हे सगळं लिहायचं आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. दुसरी गोष्ट म्हणजे रंग. थोड्या प्रमाणात विकायच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळलीच पाहिजे, म्हणजे तो पिठात लपणार नाही. त्या काळी इंग्लंडात जाणारी नीळ मोठ्या प्रमाणावर बंगालातून येत होती. धोक्याची खूण रंगाने करायची, ही कल्पना कायद्यात आली ती अशी, थेट मालातच रंग कालवून.

याच कायद्यात एक सवलत होती आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे तयार होणाऱ्या औषधात सोमल पडत असेल, तर हे नियम लागू नव्हते. चिठ्ठी ही तेव्हा अट नव्हती, सूट होती. वहीतला ‘कशासाठी?’ हा प्रश्न दुकानदाराने विचारायची गरज नाही, कारण तो डॉक्टरने आधीच विचारलेला आहे, असं त्यामागे गृहीत होतं. पुढे दीड शतकात या सुटीची अट कशी झाली, हीच रेघेची खरी कथा.

१८५८ साली ब्रॅडफर्ड गावात मिठाईत चुकून सोमल पडला आणि वीसच्या आसपास माणसं दगावली. त्यानंतरच्या दशकात, १८६८ साली, विषारी द्रव्यं विकण्याचा अधिकार परीक्षा देऊन नोंदणी झालेल्या माणसांपुरता ठेवण्यात आला. बाटलीवर ‘विष’ हा शब्द आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता आला. धोक्याची खूण मालातून लेबलावरही आली. फार्मासिस्ट हा व्यवसाय म्हणून उभा राहिला त्यामागे औषधाच्या ज्ञानाइतकीच विषाची जोखीम होती.

आपल्याकडेही सुरुवात विषापासूनच झाली. मुंबई इलाख्यात विषांच्या विक्रीचा कायदा १८६६ सालचा, म्हणजे इंग्लंडच्या १८६८च्या कायद्याच्याही आधीचा. कातड्यासाठी गुरांना सोमल घालून मारण्याचे प्रकार हे इथल्या विष-कायद्यांमागचं एक मोठं कारण होतं. पुढे १९०४ आणि १९१९ साली अखिल भारतीय विष कायदे झाले. विषाला कायदा होता, औषधाला मात्र नव्हता.

औषधाचा धोका निराळा होता. ते विष नसेल, पण औषधही नसेल. पहिल्या महायुद्धानंतर परदेशातून आणि इथूनही भेसळीचा, निकस माल बाजारात ओतला जात होता. हिवतापाने माणूस फणफणतो आहे आणि त्याला दिलेल्या क्विनाइनच्या गोळीत क्विनाइन नावापुरतंच आहे, अशी गत. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये सर हारून जाफर यांनी औषधांच्या बेबंद विक्रीला आळा घालण्याचा ठराव मांडला. १९३० साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेतले कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ साली आला. औषधांसाठी एक केंद्रीय कायदा हवा, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात आणि औषध देणाऱ्यांचा व्यवसाय शिक्षणाच्या व नोंदणीच्या चौकटीत आणायला हवा, अशी तिची मांडणी होती. मग नऊ वर्षं गेली. औषध हा प्रांतांचा विषय असल्याने केंद्राने कायदा करावा, अशी संमती प्रांतांकडून मिळवावी लागली. शेवटी १९४०चा औषध कायदा झाला, १९४५ साली त्याचे नियम आले आणि १९४८ साली फार्मसी कायदा.

१९४५च्या नियमांना परिशिष्टं जोडली, त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं दिली. औषधाच्या दुकानात आजही याच भाषेत बोलतात: हे ‘शेड्यूल एच’ आहे, ते ‘एक्स’ आहे. ‘एच’ म्हणजे फक्त चिठ्ठीवर द्यायची औषधं. ‘एक्स’साठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची आणि औषध कुलपात ठेवायचं. ‘ई’ हे एके काळी विषांचं परिशिष्ट होतं. त्याचा एक धाकटा भाऊ ‘ई-एक’ नावाने अजून हयात आहे. त्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांतली विषारी द्रव्यं आहेत: धोतरा, गुंज, बिब्बा, बचनाग, पारा, हरताळ. आणि गौरीपाषाण, म्हणजे आपला सोमलच. सगळं कूळ ज्याच्यापासून निघालं, तो मूळपुरुष अजून यादीत बसलेला पाहून मला बरं वाटलं. बिब्बा घालणारी आजी आणि औषध निरीक्षक एकाच गोष्टीला जपत होते.

चिठ्ठीवरची ‘आरएक्स’ ही खूण याहून जुनी. तिचं मूळ लॅटिन आहे, अर्थ ‘घे’. हे ‘घे’ रोग्याला उद्देशून नाही, औषध बनवणाऱ्याला आहे: अमुक इतकं घे, तमुक इतकं घे आणि मिसळ. कंपाउंडर काचेच्या बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवून मिक्श्चरचे डोस दाखवत असे, तोवर त्या शब्दाला काम होतं. औषधं कारखान्यातून तयार होऊन यायला लागली तसं मिसळण्याचं काम संपलं आणि दुकानात राहिलं ते ओळखण्याचं आणि नाही म्हणण्याचं. १९४५च्या नियमांतला नियम ६५ वाचला तर हे काम किती बारकाईने लिहिलं आहे ते कळतं. चिठ्ठीवर सही आणि तारीख हवी, रोग्याचं नाव-पत्ता हवा, एकूण किती औषध आणि कसं घ्यायचं ते हवं. डॉक्टरने तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचं नाही. औषध दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर टाकायची. आपल्यापैकी किती जणांच्या चिठ्ठ्यांवर ती नोंद आहे? २०१२च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी महाराष्ट्रात फार्मासिस्टची हजेरी, चिठ्ठी आणि बिल यांचा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. नियम नवा नव्हता, तो पाळायला लावणं नवं होतं.

रेघेला लाल रंग आला तो जंतूंमुळे. दिल्लीत उपचार झालेल्या एका रुग्णामध्ये, जवळजवळ कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद जंतूंना देणारं जनुक सापडलं. त्याला दिल्लीचंच नाव दिलं गेलं आणि २०१० साली त्यावरून मोठा गदारोळ झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘एच-वन’ हे नवं परिशिष्ट निघालं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात ४६ औषधं होती: वरच्या फळीतली अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या गोळ्या. ‘आरएक्स’ लाल रंगात आला, चौकट लाल झाली. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लाल रेघेची मोहीम काढली, कारण इंग्रजी चौकट वाचता न येणाऱ्यालाही रंग दिसतो. काजळी आणि निळीमागेही हाच विचार होता.

या रेघेची पहारेदारी एकाच दारावर आहे, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर चौदा रुग्ण मरण पावले. ते ग्लिसरॉल कारखान्यात वापरायच्या प्रतीचं होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयातली खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्रालय, तिन्हींकडे बोट दाखवलं. आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. २०२५ साली छिंदवाड्यात त्याच विषाने खोकल्याच्या सिरपमधून मुलांची मूत्रपिंडं निकामी केली. त्यातल्या कित्येकांना नागपूरला आणलं होतं. जे. जे.मध्ये औषध डॉक्टरांनीच दिलं होतं, छिंदवाड्यातही सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेलं होतं. चिठ्ठीचं दार राखलेलं होतं, विष कारखान्याच्या दारातून आत आलं. त्या दारावर रेघ नसते, प्रत्येक पिंपाची तपासणी असावी लागते. ती न करता माल पुढे ढकलणाऱ्याला मी चूक झाली म्हणून सोडणार नाही.

‘एच-वन’ने रंगाबरोबर वहीही परत आणली. दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. सोमलाच्या वहीतून ज्या चिठ्ठीने सूट दिली होती, ती आता असूनही वही लिहावीच लागते.

मागच्या पावसाळ्यात आईसाठी औषध आणायला गेले तेव्हा फार्मासिस्ट बाईंनी ते रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. आईचं नाव लिहिलं, डॉक्टरांचं लिहिलं, दहा गोळ्या लिहिल्या. १८५१च्या वहीशी मी मनात रकाने ताडून पाहत होते. ‘कशासाठी’ हा रकाना तिथे नव्हता. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत असणार म्हणून मी चिठ्ठी उलगडली. वर आईचं नाव आणि वय होतं, तारीख होती, खाली औषधाचं नाव आणि ‘पाच दिवस’. आजाराचं नाव कुठेच नव्हतं. मी तशीच दवाखान्यात परत गेले आणि डॉक्टरांना ते लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहून दिलं.