कलम ५१३०३ : एका वाक्यावरील भाष्य

अंतराळ-व्यापाराविषयीच्या एका अमेरिकी कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली २५ नोव्हेंबर २०१५ रोजी. त्यातले हे कलम म्हणजे एकच लांब वाक्य. लघुग्रहांवरच्या संपत्तीचे जे आकडे ऐकू येतात, त्यांना अमेरिकेत कायद्याचा आधार आहे तो या वाक्याचा. अभ्यासका, ते सावकाश वाच. घाईने वाचलेस, तर दिले आहे त्याहून जास्त दिल्यासारखे वाटेल.

‘व्यापारी हेतूने लघुग्रहावरील वा अंतराळातील संसाधन काढणारा अमेरिकी नागरिक’

नागरिक म्हणजे केवळ व्यक्ती नव्हे. अमेरिकी कायद्याखाली स्थापन झालेली कंपनीही त्यात येते. संसाधन म्हणजे जागच्या जागी असलेला निर्जीव पदार्थ. पाणी आणि खनिजे त्यात धरली आहेत, असे व्याख्येतच म्हटले आहे. पाण्याचे नाव मुद्दाम का घेतले, ते पुढे ‘वापर’ या शब्दापाशी कळेल.

‘मिळवलेल्या संसाधनावर त्याचा हक्क राहील’

सगळी मेख ‘मिळवलेल्या’ या शब्दात आहे. याचा अर्थ, हक्क उत्खननानंतर जन्मतो. लघुग्रह शोधला, यान पाठवून तपासला, नकाशा केला, तरी हाती काही लागेपर्यंत हक्क शून्य.

येथे शंका येते : ज्याने शोधाचा खर्च केला, त्याला त्या लघुग्रहावर प्राधान्य नको का? वाक्यात ते नाही. म्हणजे तुझ्या मोजणीवर विसंबून दुसरी कंपनी शेजारीच खणू लागली, तर हे कलम तिला अडवत नाही. जमिनीवरच्या खाणीत पैसा गुंततो तो पट्ट्याच्या भरवशावर. इथे पट्टाच नाही. माझ्या मते आर्थिक आश्वासनाची सर्वात कच्ची बाजू ही. कायदा झाला तेव्हा गाजत असलेली प्लॅनेटरी रिसोर्सेस ही कंपनी २०१८ मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने विकत घेतली. तोवर लघुग्रहाचा एक खडाही तिच्या हाती आला नव्हता; म्हणजे या कलमाचा हक्क तिला कधी लागूच झाला नाही.

दुसरी शंका जुनी आहे. १९६७ च्या अंतराळ कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंड आपला म्हणता येत नाही. मग जे अमेरिकेचे नाही, ते ती नागरिकाला कसे देते? समर्थकांचे उत्तर : खुला समुद्र कोणाचाच नाही, तरी जाळ्यात आलेला मासा कोळ्याचाच. याच कायद्यात अमेरिकेने कोणत्याही पिंडावर सार्वभौमत्व वा मालकी सांगत नसल्याचे वेगळे कलम घातले आहे, ते याच बचावासाठी. विरोधक म्हणतात, पिंडच खणून संपवला तर मालकी आणखी काय उरते? लहान लघुग्रहापुरता हा आक्षेप मला वजनदार वाटतो. चंद्रावरील संसाधने साऱ्या मानवजातीचा वारसा मानणाऱ्या चंद्र करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिले नाही; उलट २०२३ मध्ये संसाधन काढणे म्हणजे आपोआप राष्ट्रीय कब्जा नव्हे, असे म्हणणाऱ्या आर्टेमिस करारनाम्यावर सही केली.

‘ताबा, मालकी, वाहतूक, वापर आणि विक्री’

पहिल्या दोहोंवर थांबायला नको. ‘वाहतूक’ म्हणजे खर्च. नासाच्या ओसायरिस-रेक्स मोहिमेने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती आणली. खर्च शंभर कोटी डॉलरहून अधिक. ती विज्ञानमोहीम होती, हे खरे. पण अंतर आणि इंधन व्यापाऱ्यालाही चुकत नाही.

‘विक्री’ म्हणजे भाव. लुना-१६ या सोव्हिएत यानाने आणलेले चंद्राचे सुमारे ०.२ ग्रॅम कण १९९३ मध्ये लिलावात ४,४२,५०० डॉलरला गेले. तो भाव दुर्मिळतेचा. सोळा सायकी या लघुग्रहाची किंमत एकावर एकोणीस शून्ये डॉलर सांगतात, ती आजचा दर गुणिले वजन अशी. पण दर तसाच राहील का? उदाहरण प्लॅटिनमचे घे : पृथ्वीवरच्या खाणींतून ते वर्षाकाठी दोनशे टनांहून कमी निघते. एकदम हजारो टन आले, तर आजचा दर कोण देईल?

‘वापर’ मात्र जपून वाच. पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे यानाचे इंधन. ते वरच काढून वरच वापरायचे. पृथ्वीवर आणायला नको आणि इथल्या बाजाराचा भावही पाडायला नको. या पाच शब्दांत हिशेब जुळण्याची शक्यता मला इथेच दिसते.

‘लागू कायदा आणि अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीला धरून’

१९६७ च्या कराराचे सहावे कलम खासगी कंपनीलाही सरकारची परवानगी आणि सततची देखरेख लावते. खणण्याची ती परवानगी कोणते खाते देणार, हे २०१५ च्या कायद्यात लिहिलेले नाही. त्यावर १८० दिवसांत अहवाल द्यावा, एवढेच राष्ट्राध्यक्षांना सांगितले आहे.