राही अनिल बर्वे : दोन तपांचा ‘तुंबाड’

मराठी भयकथेला हिंदी पडद्यावर मानाचे स्थान मिळवून देणारे दिग्दर्शक म्हणून राही अनिल बर्वे यांचे नाव घेतले जाते. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकांचे लेखक अनिल बर्वे हे त्यांचे वडील.

नागझिऱ्याच्या अभयारण्यात 1993 साली एका मित्राने त्यांना नारायण धारप यांची ‘आजी’ ही कथा ऐकवली. (ही कथाही मुळात स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेली, भीतीला सरहद्द नसते ती अशी!) त्या रात्रीची धास्ती मनात घर करून राहिली आणि 1997 साली, ऐन अठराव्या वर्षी त्यांनी ‘तुंबाड’चा पहिला खर्डा लिहिला. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतले असले, तरी कथानकाचा त्या कादंबरीशी संबंध नाही.

दरम्यान 2008 मध्ये ‘मांजा’ हा त्यांचा कृष्णधवल लघुपट आला. डॅनी बॉयल यांना तो इतका भावला, की ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ब्लू-रे आवृत्तीत त्यांनी त्याचा समावेश केला.

‘तुंबाड’ला मात्र निर्माता मिळेना. अखेर सोहम शाह पुढे आले आणि 2012 मध्ये चित्रीकरण सुरू झाले. हाती आलेले समाधानकारक न वाटल्याने पटकथा नव्याने बांधण्यात आली व 2015 पर्यंत पुन्हा चित्रीकरण झाले. खऱ्या पावसाच्या हट्टापायी अनेक पावसाळे खर्ची पडले. हा हट्ट व्यर्थ गेला असे म्हणवत नाही. 1918 ते 1947 या काळात घडणाऱ्या या कथेत हस्तर हा राक्षसी देव जितका भिववतो, त्याहून अधिक भिववते ती बापाकडून मुलाकडे झिरपणारी हाव. आणि तो ओला, कुंद अंधार तिचेच रूप वाटतो.

आनंद गांधी हे सर्जनशील दिग्दर्शक, तर आदेश प्रसाद सहदिग्दर्शक होते. 2018 मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ ‘तुंबाड’ने झाला. छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि ध्वनी संयोजनासाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार लाभले. 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला तेव्हा गर्दी बेताचीच होती. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा मात्र पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई झाली. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. बर्वे यांनी सोहम शाह आणि आदेश प्रसाद यांना शुभेच्छा दिल्या. दिग्दर्शनाची धुरा मात्र त्यांच्याकडे नव्हती.