दारावरचा सण : १९१८ आणि २०२०

२०२० साली आश्विन अधिक आला आणि नवरात्रापासूनचे सगळे सण पुढे सरकले. कोजागरी पौर्णिमा ३० ऑक्टोबरला, शुक्रवारी पडली. आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अमेरिकेत हॅलोवीन होता. आमच्यापैकी एकीची धाकटी बहीण न्यूजर्सीत राहते. तिच्या घरी शुक्रवारी रात्री मसाला दूध झाले आणि शनिवारी सकाळी त्याच ओट्यावर लाल भोपळा कोरायला घेतला गेला. भोपळ्याचा गर वाया घालवायचा नाही म्हणून घारगे झाले, हे अर्थात आलेच.

या घरातील हॅलोवीनची हकीकत आम्ही तेव्हा फोनवर ऐकली. ती मनात राहिली, आणि मग या सणाचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येत गेली. हॅलोवीन हा भुतांचा सण म्हणून ओळखला जातो खरा, पण तो मुळात दाराचा सण आहे. कोणी कोणाचे दार ठोठवायचे आणि आतल्याने ते उघडायचे की नाही, हाच त्यातला मुख्य प्रश्न.

ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. त्यांच्या आदली संध्याकाळ ती हॅलोवीन. केल्टिक लोकांचा हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा साउइन हा जुना सण तिच्यात मिसळला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब घरोघर जात, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत आणि त्या बदल्यात लहानसा गोड पाव घेऊन परतत. आपल्याकडील पितृपक्षाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की आपण घास कावळ्याला ठेवतो, आणि तेथे दारी आलेला अनोळखी माणूस तो घेऊन जाई. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुले सोंगे घेऊन दारोदार हिंडत, काही गाऊन किंवा म्हणून दाखवीत. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४० च्या दशकातील दुष्काळानंतर, आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. त्यांच्याबरोबर हा सणही गेला. सलगमाच्या जागी भोपळा आला.

मात्र आज दिसणारा गोळ्या-चॉकलेटांचा शिस्तबद्ध सण १९१८ साली अस्तित्वात नव्हता. तेव्हाचा हॅलोवीन म्हणजे मोठ्यांच्या मेजवान्या आणि पोरांचा धुडगूस. कुंपणाची फाटके उचलून न्यायची, परसातले संडास उलथवायचे, खिडक्यांना साबण फासायचा. होळीसाठी शेजाऱ्याची लाकडे पळवण्याची जी अलिखित मुभा आपल्या गावांत असे, तिच्याच जातीची ही मुभा. दार ठोठवायचे ते पळून जाण्यासाठी.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबर आला तो इन्फ्लुएन्झाच्या ऐन कहरात. एकट्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत सुमारे १ लाख ९५ हजार माणसे दगावली. (जूनमध्ये बंदरातून मुंबईत शिरलेली साथ त्याच सुमारास दुसऱ्यांदा, अधिक उग्र होऊन परतली होती.) शाळा, नाटकगृहे, चर्च अनेक शहरांत बंद होती. बाल्टिमोर, डेन्व्हर यांसारख्या शहरांत हॅलोवीनच्या मेजवान्यांना व जाहीर समारंभांना बंदी घालण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच महिन्यात जाळीदार कापडाची मुखपट्टी सक्तीची झाली होती. सोंगाचा मुखवटा उतरवला तरी दुसरा चढवायचाच, असा तो योग होता. त्या रात्री एखाद्या घरात काय झाले असेल याची नोंद इतिहासात सहसा सापडत नाही. अधिकाऱ्यांचे हुकूम उरतात. आजारी भावंडाच्या खोलीबाहेर कागदी वटवाघूळ चिकटवणारे मूल उरत नाही. आमच्या मते हा इतिहासलेखनाचा दोष नसून दफ्तरांचा स्वभाव आहे, पण त्यामुळे सणांचा इतिहास लिहिणे अवघड होते, हेही खरे.

पुढे या धुडगुसाला वेसण घालण्याचे प्रयत्न सुरू झाले. मिनेसोटातील अनोका या गावाने १९२० साली हॅलोवीनची मिरवणूक काढली, ती पोरांना खोड्यांपासून दूर ठेवण्यासाठीच. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, नासधूस वाढली तसा एक तह हळूहळू रूढ झाला : खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. युद्धकाळात साखरेचे रेशनिंग आले. १९४७ साली ते उठले आणि हा तह देशभर पक्का झाला. ज्या दारावर पोर दगड मारून पळत असे, तेच दार आता हसून उघडू लागले. ओसरीवरचा दिवा लागलेला असेल तर या, विझलेला असेल तर ठोठवू नका, एवढाच नियम. वर्षभर ज्यांच्याशी शब्दही बोलणे होत नाही अशा शेजाऱ्यांची दारे त्या एका संध्याकाळी मुलांना उघडी असतात. एरवी स्वतःच्या कुंपणात राहणाऱ्या त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे.

आणि २०२० साली नेमके दारच धोक्याचे झाले. अमेरिकेत ऑक्टोबरअखेर कोविडने सव्वादोन लाखांहून अधिक बळी घेतले होते. केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने सप्टेंबरात सणाच्या सूचना काढल्या : घरच्या घरी भोपळा कोरणे कमी धोक्याचे, पाकिटे करून अंगणाच्या कडेला मांडून ठेवणे मध्यम धोक्याचे, दारोदार जाणे अति धोक्याचे. सोंगाचा मुखवटा मुखपट्टीचे काम करत नाही, आणि तो तिच्यावर चढवू नये, श्वास कोंडतो, हेही त्यांना लिहावे लागले. लॉस एंजेलिस परगण्याने दारोदार जाण्यावर बंदी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी ती सौम्य करून नुसती शिफारस केली. ओहायोत सिनसिनाटीजवळच्या एका पित्याने पुठ्ठ्याची सहा फुटी नळी जिन्याच्या कठड्याला बांधली. वरून गोळी सोडायची, खाली पोराने झेलायची. लोक हसले, आणि अनेकांनी तशाच नळ्या केल्या.

न्यूजर्सीतील आमच्या त्या घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. त्यांच्या आईने घरातलीच दारे वाटून घेतली. न्हाणीघराच्या दारामागे बाबा, कोठीच्या दारामागे ती स्वतः, आणि निजण्याच्या खोलीच्या दारामागे टॅबलेटवर साताऱ्याची आजी. तेथे संध्याकाळचे साडेसहा, येथे पहाटेचे चार. आजी तशीही उठलेलीच होती, काकडारतीचे दिवस सुरू झाले होते. आणि देवळे तेव्हा बंदच असल्याने काकडा ती घरीच ओवाळीत होती. मुलांनी दार ठोठवल्यावर पलीकडून तिने विचारले, "कोण आहे रे बाहेर?" मुलगी म्हणाली, "भूत." आजी म्हणाली, "मग पाय धुऊन आत ये."

मुलगा मात्र यावर समाधानी नव्हता. त्याला एका घरी जायचेच होते. गल्लीच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ राहत, दरवर्षी इतरांच्या दुप्पट मोठे चॉकलेट देणारे. ते एप्रिलमध्ये कोविडने गेले होते. मुलाला ते ठाऊक होते. आईने त्याला समजावले की त्यांच्या पत्नी एकट्या आहेत, दिवा बंद असेल, लांबून पाहून परत यायचे. त्या वर्षी अनेकांनी अंगणात नेहमीचे सांगाडे आणि थडगी मांडली नव्हती. काहींनी मांडली होती. त्यांच्यामधून पूर्ण चंद्राच्या उजेडात चौघे चालत गेले.

दिवा लागलेला होता. दाराबाहेर स्टुलावर एक भांडे, त्यात तीच मोठी चॉकलेटे, शेजारी हात धुण्याच्या द्रावणाची बाटली. दार बंद होते. मुलाने हात स्वच्छ केले, एक उचलले, एक बहिणीला दिले. मग दार न ठोठवता, चार पावले मागे सरून, त्याने सणाचे ते ठरलेले वाक्य मोठ्याने म्हटले. आतून खिडकीचा पडदा हलला, असे मुलगी सांगते. आईला तो दिसला नाही.