वृद्धांचा निवास आणि निवडीचा अधिकार : इंग्लंडमधील एका प्रश्नाचा इतिहास

घरच्या आधाराला पारख्या झालेल्या वृद्धासाठी कोणत्या प्रकारची संस्था योग्य, हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. ही निवड कोणी करावयाची, आणि कोणत्या निकषावर? इंग्लंडमध्ये या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी कायद्याच्या भाषेत दिली गेली. त्यांची संगती लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१६०१ च्या कायद्याने निर्धनांचा भार पॅरिशवर टाकला होता. त्या व्यवस्थेत बहुतेक वृद्ध आपल्या घरीच राहून साप्ताहिक साहाय्य घेत. काहींना धर्मादाय निवासांत आसरा मिळे. १८३४ साली ही घडी बदलली. त्या वर्षीच्या आयोगाने वृद्ध व दुर्बल, मुले, धडधाकट स्त्रिया आणि धडधाकट पुरुष असे चार वर्ग पाडून प्रत्येकासाठी स्वतंत्र इमारत सुचविली होती, हे पुष्कळदा विसरले जाते. प्रत्यक्षात मात्र अनेक पॅरिशांच्या संघासाठी एकच मोठे वर्कहाउस आणि त्यावर एकच अधीक्षक, ही स्वस्त पडणारी योजना रूढ झाली. वर्कहाउसमधील जीवन बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या जीवनापेक्षाही कमी स्पृहणीय असावे, हे तत्त्व धडधाकटांना दूर ठेवण्यासाठी योजलेले होते. छप्पर एकच असल्यामुळे त्याची झळ म्हाताऱ्यांनाही लागली. ठराविक पोशाख, मोजून दिलेले अन्न आणि पतिपत्नींची ताटातूट त्यांच्याही वाट्याला आली. साठीपुढील जोडप्यास वेगळे राहण्याची सक्ती करता येऊ नये, असे ठरण्यास १८४७ साल उजाडावे लागले. १८७१ नंतर घरी मिळणारे साहाय्य आवळण्याचे धोरण सुरू झाले, तेव्हा वर्कहाउसचे भय अधिकच वाढले.

चार्ल्स बूथ यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या वृद्ध निर्धनांविषयीच्या ग्रंथाने चर्चेला निराळे वळण लागले. वार्धक्यातील दारिद्र्य हा व्यक्तीच्या आळसाचा परिणाम नसून ती एक सामाजिक अवस्था आहे, ही गोष्ट आकड्यांनी पुढे आली. १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढील अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना आठवड्यास कमाल ५ शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. त्याचा प्रारंभ १ जानेवारी १९०९ रोजी झाला. आरंभी पॅरिशचे साहाय्य घेणारे त्यास अपात्र ठरत. १९११ च्या आरंभी हा अडसर दूर होताच घरी साहाय्य घेणाऱ्या वृद्धांची संख्या झपाट्याने घटली. वर्कहाउसमधील वृद्धांची संख्या मात्र त्या मानाने फारच थोडी कमी झाली. हा फरक अत्यंत बोलका आहे. आत राहिलेल्यांपाशी केवळ पैसाच नव्हता असे नाही. त्यांना उठविण्या-बसविण्यास, न्हाऊ-माखू घालण्यास कोणी नव्हते. दारिद्र्य आणि परावलंबन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे प्रथमच ठळकपणे दिसून आले.

यापुढचे पाऊल कायदेमंडळात नव्हे, रुग्णालयात पडले. १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने लगतचे वर्कहाउसचे रुग्णागार ताब्यात घेतले, आणि तेथील ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे आली. वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेल्या या माणसांची त्यांनी एकेक करून तपासणी केली. कोणाला उपचार हवे होते, कोणाला चालण्याचा सराव, तर कोणाला केवळ निवारा. योग्य उपचारानंतर पुष्कळ जण पुन्हा हिंडू-फिरू लागले आणि घरी किंवा निवासगृहांत परतले. संस्था ठरविण्यापूर्वी माणसाची परीक्षा व्हावी, हा त्यांच्या १९४३ व १९४६ च्या लेखांचा इत्यर्थ होय. १८३४ च्या आयोगाने वर्ग पाडले होते. वॉरन यांनी व्यक्ती पाहिली.

१९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्याने जुन्या व्यवस्थेचा औपचारिक शेवट केला. आजारी वृद्ध राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे, तर केवळ देखभालीची गरज असलेले स्थानिक संस्थांच्या निवासगृहांकडे, अशी वाटणी झाली. ही गृहे २५ ते ३० माणसांची असावीत आणि तेथील नाते पाहुणा व व्यवस्थापक यांचे असावे, अशी मंत्री अन्युरिन बेव्हन यांची कल्पना होती. म्हणून २६ शिलिंगांच्या निवृत्तिवेतनातून २१ शिलिंग राहणाऱ्याने स्वतः द्यावयाचे आणि ५ शिलिंग हातखर्चास ठेवावयाचे, असे ठरले. उपकाराचे ओझे उतरविण्याचाच हा प्रयत्न होता. परंतु इमारती जुन्याच राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १७३ संस्थांना भेटी देऊन १९६२ साली आपले निष्कर्ष मांडले, तेव्हाही निवासी वृद्धांचा मोठा भाग पूर्वीच्या वर्कहाउसांतच राहत होता. शिवाय, घरी थोडी मदत मिळती तर यांतील अनेकांना संस्थेची गरजच पडली नसती, असे त्यांना आढळले.

या इतिहासाचे मर्म असे की, पाटी बदलल्याने संस्था बदलत नाही आणि वर्ग पाडल्याने गरज कळत नाही. आपल्याकडे २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांना सामावून घेईल असे निदान एक वृद्धाश्रम स्थापण्याची तरतूद आहे. हा आकडा बेव्हन यांच्या पंचवीस-तिसांशी ताडून पाहण्यासारखा आहे. निराधाराला छप्पर मिळणे अगत्याचे आहे, यात शंका नाही. परंतु दीडशे माणसे एका छपराखाली आणताना त्यांपैकी कोणाला रुग्णालय हवे, कोणाला सोबत आणि कोणाला आपल्याच घरी थोडासा हातभार, हे आधी विचारले जाते काय? इंग्लंडला हा प्रश्न विचारण्यास शंभर वर्षे लागली. ती शंभर वर्षे आपणही खर्ची घालावीत, असे कोणतेही कारण दिसत नाही.