‘सेटलमेंट’ : सोलापुरातील एका शब्दाचा इतिहास

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आज मुख्यतः पत्त्यात उरला आहे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे लिहिणाऱ्याच्या मनात त्या शब्दांचा मूळ अर्थ क्वचितच असतो; स्थलनामांचे बहुधा असेच होते. तथापि शहरी वस्त्यांतील तरुणांना गुन्हेगारीपासून परावृत्त करण्याच्या एका दीर्घ प्रयोगाचा इतिहास या पत्त्यात साठलेला आहे.

गुन्हेगार जमातींविषयीचा १८७१ चा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याची मुभाही सरकारला मिळाली. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, टकारी, भामटे यांसारख्या जमातींना तारेच्या कुंपणात आणून वसविण्यात आले. सोलापूरची निवड सहेतुक होती : गिरण्यांना हात हवे होते, सरकारला देखरेख हवी होती. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने इलाख्यातील वसाहतींची घडी बसविली. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मुलांना शाळा, तरुणांना गिरणीत काम, सर्वांना हजेरी, असा तेथील क्रम होता.

या प्रयोगाने अक्षरओळख आणि रोजगार दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याची मूळ अडचण भाषेतच उघडी पडते. ‘गुन्हेगार’ आणि ‘कामगार’ या दोन्ही शब्दांना फारसीतून आलेला ‘गार’ हा एकच प्रत्यय लागतो, आणि तो कृती करणारा दर्शवितो. काम करील तो कामगार. गुन्हा करील तो गुन्हेगार. मात्र ‘गुन्हेगार’पुढे ‘जमात’ हा शब्द जोडताच कृती गळून पडते आणि केवळ जन्म शिल्लक राहतो. वसाहतीतला मुलगा गिरणीच्या दारात कामगार ठरे, हजेरीच्या ओळीत मात्र पुन्हा गुन्हेगार. ज्याने काही केलेच नाही, त्याने सोडावयाचे काय? या प्रश्नास कायद्याजवळ उत्तर नव्हते.

मुंबई राज्यात १९४९ मध्ये व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपुष्टात आला. ‘विमुक्त’ हा नवा शब्द रूढ झाला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडली, अशी आठवण विमुक्तांच्या चळवळीत आजही सांगितली जाते. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याचा आधार जमात नसून व्यक्तीची शिक्षा हा होता, आणि हा फरक लहान नाही. व्यवहारात मात्र संशय जुन्याच वाटेने चालत राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षे लोटल्यावर. तरी त्यातील पोलिसांचा धाक गतकाळचा वाटत नाही. दरम्यान सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. म्हणजे प्रयोगातील उपयुक्त भाग नाहीसा झाला आणि नाव तेवढे टिकले.

२०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील हातभट्टीच्या धंद्यातून कुटुंबांना बाहेर काढण्यासाठी पोलिसांनी गावे दत्तक घेतली, समुपदेशन केले व पर्यायी व्यवसायांची जोड दिली. येथे सोडावयाचा होता तो धंदा, कुळ नव्हे. छाप्यांची जुनी यंत्रणा हाती असताना पोलिसांनी प्रथम उपजीविकेचा प्रश्न विचारला, ही गोष्ट सेटलमेंटच्या इतिहासाशेजारी ठेवून अभ्यासण्याजोगी आहे.