खाणीच्या खड्ड्यांतून उभी राहिलेली तळी

हीथ्रोला विमान उतरू लागले की खिडकीतून पाण्याचे कितीतरी तुकडे चमकताना दिसतात. त्यांतले मोठे, रेखीव काठांचे जलाशय लंडनला पिण्याचे पाणी पुरवणारे. बाकीची लहानमोठी, वेडीवाकडी तळी मात्र बहुतेक माणसाने खणलेले खड्डे आहेत. त्यांच्या मागे एक वाचण्याजोगा इतिहास आहे.

हिमयुगात बर्फ वितळून फुगलेल्या नद्यांनी इंग्लंडच्या खोऱ्यांत वाळू-गोट्यांचे जाड थर आणून टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे, धावपट्ट्या आणि मोटरवे बांधायला काँक्रीट हवे होते. त्यासाठी नद्यांकाठची कुरणे खणली गेली. काम संपून पंप थांबले की खड्डा भूजलाने भरे. काठ उभे, पाणी खोल, भोवती उघडी माती. काही खड्डे तर सरळ कचऱ्याने बुजवले गेले.

केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावी 1956 मध्ये वेगळा प्रयत्न सुरू झाला. त्याचे सूत्रधार होते डॉ. जेफ्री हॅरिसन, पेशाने गावातले डॉक्टर आणि छंदाने पक्षी-अभ्यासक. गंमत म्हणजे या कामात बदकांची शिकार करणाऱ्यांची संघटना आणि पाणपक्ष्यांचे रक्षण करणारी संस्था खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या! शिकार झालेल्या बदकांच्या पोटात कोणत्या बिया सापडतात हे डॉक्टरांनी तपासले आणि त्याच वनस्पती तळ्याकाठी लावल्या. उभे काठ उतरते केले, कारण बहुतेक बदकांना चरायला उथळ पाणी लागते. कोल्ह्यांपासून अंडी वाचावीत म्हणून बेटे केली. खाणीचा खड्डा नुसता सोडून न देता हेतुपूर्वक घडवता येतो, हे इथे दिसून आले.

1966 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या ॲटनबरो गावातल्या खाणींचे अभयारण्य झाले. त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनी केले. पुढे कायदाही बदलला. 1981 च्या कायद्याने खाणीची जमीन पूर्ववत केल्यावर काही वर्षे तिची निगा राखण्याची अट घालता येऊ लागली. 2002 पासून खडी-वाळूवर टनामागे कर आला आणि त्यातला काही पैसा 2011 पर्यंत अशा कामांकडे वळवला गेला. लंडनच्या नैऋत्येची काही तळी 2000 साली रामसर यादीत गेली, त्याला कारण तिथे हिवाळ्यात उतरणारी गडवाल आणि थापट्या ही बदके. ही दोन्ही आपल्याकडेही हिवाळी पाहुणी म्हणून येतात.

पण सर्वांत बोलकी गोष्ट आहे एका चिमुकल्या पक्ष्याची. कंठेरी चिखल्या उघड्या गोट्यांवर अंडी घालतो, आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. ब्रिटनमध्ये त्याचे पहिले घरटे 1938 साली ट्रिंगच्या जलाशयावर आढळले. मग खाणी वाढल्या तसा तोही पसरला. मात्र खड्ड्याभोवती गवत-झुडपे माजली की तो निघून जातो. म्हणजे सगळे हिरवेगार केले की काम फत्ते, असे नाही. कुठे वेत वाढवावे लागतात, तर कुठे दरवर्षी तण काढून गोटे उघडे ठेवावे लागतात.

हाच कंठेरी चिखल्या महाराष्ट्रातल्या नद्यांच्या पात्रांतही राहतो. तिथे मात्र प्रश्न अधिक अवघड आहे. इंग्लंडमध्ये खाणकाम मुख्यतः नदीबाजूच्या जमिनीत झाले. आपल्याकडे वाळू थेट पात्रातून उपसली जाते. पात्र खोल जाते, काठ ढासळतात, आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खाली जाते. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, तरी बेकायदा उपसा थांबलेला नाही.

इथल्या खड्ड्याचे तळे होऊ शकले, कारण नदी शेजारून तशीच वाहत राहिली. नदीचाच खड्डा झाला, तर तिच्या जागी दुसरे काय लावणार? सेव्हनओक्सकडून नकाशा उचलण्यासारखा नाही. उचलायची ती त्या डॉक्टरांची पद्धत: आधी तिथला जीव काय खातो, कुठे अंडी घालतो हे पाहायचे, आणि फावडे त्यानंतर हाती घ्यायचे.